कराराचे लग्न आणि लग्नाचा करार

मराठी समीक्षेने दूरचित्रवाणीच्या मालिकेला कधी आपल्या ओसरीवरही घेतलेले नाही. कवितेतल्या एका प्रतिमेवर वीस पाने लिहिणारे आमचे समीक्षक, घराघरांतून रोज रात्री जे पाहिले जाते त्याची ‘करमणूक’ या एका शब्दात बोळवण करतात. हा सोवळेपणा त्यांना परवडत असेल. परिवर्तनाच्या चळवळीला तो परवडणारा नाही. आपल्या वस्त्यांत पुस्तक पोचायला वर्षे लागतात, मालिका त्याच रात्री पोचते. मुलगी कोणत्या घरात द्यावी, सुनेने कसे बोलावे, ‘चांगले घर’ कशाला म्हणावे, याचे धडे ती देते; आणि हसतखेळत देते म्हणून ते अधिक खोल उतरतात. म्हणून येथे मी एका हलक्याफुलक्या प्रेममालिकेचा विचार करणार आहे, आणि एखाद्या कादंबरीचा करावा तितक्याच गांभीर्याने करणार आहे.

ही मालिका म्हणजे ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’. २०१२ साली ती झी मराठी वाहिनीवर झाली. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचे. घनश्याम काळे म्हणजे घना, ही भूमिका स्वप्नील जोशी यांनी केली, आणि राधा देसाई ही मुक्ता बर्वे यांनी. राधाच्या वडिलांच्या भूमिकेत विनय आपटे होते. प्रशांत दामले यांच्या ‘एका लग्नाची गोष्ट’ या गाजलेल्या नाटकाची आठवण करून देणारे हे नाव मुद्दाम घेतलेले होते, आणि मालिकाही तशीच गाजली. पुढे २०१३ साली ‘एका लग्नाची तिसरी गोष्ट’ निघाली, ती या यशावरच.

कथा थोडक्यात अशी. घनाला अमेरिकेला जायचे आहे. राधाला लग्नच नको आहे. दोन्ही घरच्यांचा लग्नाचा आग्रह सुटत नाही. तेव्हा दोघे आपापसात एक करार करतात: घरच्यांच्या समाधानासाठी लग्न करायचे आणि ठरल्या मुदतीनंतर वेगळे व्हायचे. हा करार घरच्यांपासून लपवायचा. लपवता लपवता जे घोटाळे होतात त्यातून विनोद, आणि एका छपराखाली राहता राहता जी ओढ निर्माण होते त्यातून प्रेम. शेवटी करार मोडतो आणि लग्न टिकते.

या मालिकेचे गुण आधी सांगितले पाहिजेत. कटकारस्थाने करणाऱ्या सासवा आणि सतत डोळे पुसणाऱ्या सुना यांच्या गर्दीत ती वेगळी होती. तिच्यातली माणसे एकमेकांशी माणसांसारखी बोलत होती. मुक्ता बर्वे यांनी राधाला स्वतःचे मत दिले, कणा दिला. लग्न हे मुलीच्या आयुष्याचे एकमेव प्रयोजन नव्हे, हे वाक्य निदान मालिकेच्या आरंभी तरी तिच्या वागण्यातून उच्चारले जात होते. मी ही मालिका पाहिली आणि अनेक ठिकाणी मनापासून हसलो. विनोद वाईट असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. विनोद चांगला होता, म्हणूनच तो कशाच्या जोरावर उभा होता हे विचारणे भाग आहे.

२

विनोदी प्रेमकथेला एक अलिखित हमी द्यावी लागते. नायक-नायिकेत कितीही भांडणे झाली, कितीही गैरसमज झाले, तरी यातून कोणाचा जीव जाणार नाही, ही ती हमी. ती असते म्हणून प्रेक्षक निर्धास्त हसतो. लेखकाचे काम इतकेच, की अडथळा असा निवडायचा जो शेवटी विरघळेल. अमेरिका विरघळते. करार विरघळतो. रुसवा तर विरघळण्यासाठीच असतो.

आता प्रश्न असा, की ही हमी देतो कोण? लेखक देतो असे वाटते. पण लेखकाच्या आधी ती समाजाने दिलेली असते. काळे आणि देसाई यांच्या घरांचा संबंध जुळण्यात समाजाला काहीच वावगे वाटत नाही. म्हणून मधल्या सगळ्या अडचणी गमतीच्या होतात. ज्या जोडप्याला समाजाने ही हमी दिलेली नाही, त्याची गोष्ट सांगायला घेतली की विनोदाचा घाट टिकत नाही.

२०१२ साली महाराष्ट्र घना-राधाचे रुसवेफुगवे पाहून हसत होता. २०१३ सालच्या पहिल्याच दिवशी नगर जिल्ह्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. त्यांतल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते, हा गुन्हा. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारण्यात आले. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय त्याला पुरला. त्या खटल्यातील आरोपी २०१७ साली सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. बोलणे! ज्याला मालिकेच्या पहिल्या भागातच आपण गोड सुरुवात म्हणतो, ते बोलणे.

याच मराठी भाषेत, याच महाराष्ट्रात हे दोन्ही घडले. आणि दोन्ही मी प्रेमकथाच समजतो. एकीला पुढचे भाग मिळाले, दुसरीला मिळाले नाहीत.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ साली नेमके हेच करून दाखवले. त्या चित्रपटाचा पूर्वार्ध म्हणजे निखळ विनोदी प्रेमकथा आहे. विहीर, शाळा-कॉलेज, मित्रांची थट्टा, चोरून पाहणे, सगळे आहे. प्रेक्षक सवयीने हसतो, नाचतो आणि हमी गृहीत धरतो. मग परश्या आणि आर्ची यांची जात एक नाही हे वास्तव हळूहळू वर येते, आणि शेवटी ती हमी प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत काढून घेतली जाते. मंजुळे यांनी विनोदाची थट्टा केली नाही. विनोद कोणाच्या मालकीचा आहे एवढेच विचारले.

३

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला ठाऊक आहे. ‘मालिकेत जातीचा उल्लेखच नाही, मग तुम्ही जात का शोधता? प्रत्येक मालिकेत एक दलित पात्र घालावे असे तुमचे म्हणणे आहे काय?’

माझे तसे म्हणणे नाही. तोंडी लावायला एखादे पात्र घातल्याने काही साधत नाही. माझे म्हणणे उल्लेख नसण्याविषयीच आहे. काळे आणि देसाई ही आडनावे महाराष्ट्रात एकाहून अधिक जातींत सापडतात. म्हणजे आडनावावरून जात ठरत नाही. तरीही पाहणाऱ्या कोणालाही क्षणभर शंका येत नाही. भाषा, घराची मांडणी, नात्यांची हाक, परदेशाची आकांक्षा, सगळे मिळून एकच जग सांगत असते. ज्या जगाला स्वतःचे नाव सांगावे लागत नाही ते सवर्ण मध्यमवर्गाचे जग. आमच्या घराची गोष्ट सांगितली की ते ‘दलित साहित्य’ होते. त्यांच्या घराची सांगितली की ती नुसती ‘घरातली गोष्ट’ राहते. निनावी राहण्याचा हा अधिकार फार मोठा आहे, आणि तो जन्माने मिळतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला, तेव्हा ते पंचविशीचे होते. जातीचा प्राण कशात आहे, याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही जुने झालेले नाही. सोवळेओवळे, रोटीव्यवहार, धंदा ही जातीची लक्षणे. तिचा प्राण मात्र स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे. जातीचे कुंपण टिकवायचे तर कुंपणाच्या आत स्त्री-पुरुषांची संख्या जुळवावी लागते. नवरा मेला की बाई ‘जास्तीची’ होते, बायको मेली की पुरुष ‘जास्तीचा’ होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी ही जुळवाजुळव करण्याचे उपाय होते, हे बाबासाहेबांनी तेथे दाखवून दिले.

आता त्या तीन उपायांकडे पाहा. कायद्याने सती गेली, विधवेला पुनर्विवाहाचा हक्क मिळाला, बालविवाह गुन्हा ठरला. उपाय गेले, पण कुंपण गेले काय? भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शंभरात सुमारे पाचच आढळले. म्हणजे ही मालिका सुरू असताना देशातल्या शंभरांतली सुमारे पंच्याण्णव जोडपी कुंपणाच्या आतली होती. सक्ती सैल झाली तरी कुंपण शाबूत राहिले, याचा अर्थ सक्तीचे काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतले आहे.

ते काम आता आवडीने घेतले आहे, असे मला वाटते. पूर्वी मुलीला सांगत, ‘याच्याशीच लग्न कर.’ आता सांगतात, ‘तुला हवा तो निवड,’ आणि समोर उभे असतात ते सगळे कुंपणातले. तिला निवड केल्याचा आनंद मिळतो आणि कुंपणालाही धक्का लागत नाही. ठरवून केलेल्या लग्नाचेच प्रेमात रूपांतर व्हावे, हे या मालिकेचे कथासूत्र पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल. आधी घरच्यांना पसंत पडलेले स्थळ. मग त्याच स्थळावर जडलेले प्रेम. आईबापांची निवड आणि मनाची निवड शेवटी एकच निघते! व्यवस्थेला याहून गोड शेवट कोणता हवा?

४

आता मालिकेच्या गाभ्याकडे, म्हणजे कराराकडे येतो.

करार हा शब्द आमच्या मध्यमवर्गाला लग्नाच्या संदर्भात अमंगळ वाटतो. लग्न हा संस्कार, करार ही बाजारातली गोष्ट. मालिकेचा सारा विनोद या समजुतीवर उभा आहे. दोघांनी लग्नाचा करार केला, केवढा हा आगाऊपणा! तो लपवला पाहिजे, आणि शेवटी त्याची त्यांना लाज वाटली पाहिजे. म्हणून या कथेत करार मोडणे म्हणजेच प्रेम. ज्या क्षणी अटी विसरल्या जातात त्या क्षणी संसार सुरू होतो.

पण महाराष्ट्रात लग्नाच्या कराराची दुसरी एक परंपरा आहे. ती आमची आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम आल्हाट. वधूचे नाव, योगायोग पाहा, राधा. भटजी नव्हता. सावित्रीबाईंनी या लग्नासाठी पुढाकार घेतला होता. पुढे जोतीरावांनी १८८७ साली सत्यशोधक पूजाविधी छापून प्रसिद्ध केला, त्यातल्या मंगलाष्टकांचे स्वरूपच संवादाचे आहे. वधू गप्प राहून अक्षता झेलत नाही, ती बोलते. बाईला स्वतःच्या मर्जीने जगणे म्हणजे काय हे कधी कळूच दिलेले नाही, तेव्हा तिचे अधिकार तिला देण्याची शपथ घेतोस का, असे ती जमलेल्या लोकांसमोर वराला विचारते. आणि वर शपथ घेतो. मग लग्न लागते.

हा करारच आहे. फरक एवढाच, की घना आणि राधा यांचा करार चारचौघांपासून लपवलेला आहे आणि हा चारचौघांच्या साक्षीने केलेला आहे. तो लग्नातून सुटण्यासाठी आहे, हा लग्न बदलण्यासाठी आहे. तेथे करार मोडला की प्रेम सुरू होते. येथे करार पाळला तरच प्रेमाला प्रेम म्हणता येते.

या कराराला किंमत मोजावी लागली. भटाशिवाय लग्ने लागू लागली तेव्हा ओतूरच्या ग्रामजोशांनी, आम्हाला बोलावले नाही तरी आमची दक्षिणा आम्हाला मिळाली पाहिजे, असा दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी सत्यशोधकांच्या बाजूने निकाल लागला. आपले लग्न आपण लावावे, या साध्या गोष्टीसाठी या मातीत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत.

आणखी एक प्रसंग सांगतो. जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत हा एका ब्राह्मण विधवेच्या पोटचा. १८८९ च्या फेब्रुवारीत त्याचे लग्न ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी झाले. वर ब्राह्मण विधवेचा मुलगा, वधू माळ्याघरची. म्हणजे जातीचे कुंपण ओलांडणारे लग्न. चरित्रकारांनी नमूद केले आहे, की लग्नाच्या आधी सावित्रीबाईंनी या मुलीला आपल्या घरी आणून ठेवले होते. दोघांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून. लग्नाकडे निघालेल्या मुलामुलीने आधी एकमेकांना समजून घ्यावे, ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या मालिकांना आधुनिक वाटते. पुण्यातल्या एका घरात ती १८८९ साली प्रत्यक्षात आली होती.

आणि राधाला लग्न नको आहे, या गोष्टीचे मालिकेने काय केले? तो तिचा हट्ट ठरवला. योग्य मुलगा मिळाला की असा हट्ट आपोआप सुटतो, हे गृहीत. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की मुलींच्या लग्नाची घाई करू नका. लग्न ही जबाबदारी आहे. आणि लग्न केलेच तर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. समोर बसलेल्या बाया बहुतेक निरक्षर होत्या, कष्टकरी होत्या. त्यांना जे सरळ सांगता आले ते सत्तर वर्षांनी शिकल्यासवरल्या राधाला सांगायला आमच्या लेखकांना धीर झाला नाही.

५

येथवर मी त्यांच्या घराविषयी बोललो. आता आपल्या घराविषयी बोलले पाहिजे. नाहीतर ही समीक्षा सोयीची होईल.

आपल्या वस्त्यांतली लग्ने पाहा. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा समोर असते, वधूवर प्रतिज्ञा म्हणतात. पण प्रतिज्ञा कशी म्हटली जाते? फोटो काढणाऱ्याच्या सोयीने, घाईघाईने, माईकवरून कोणीतरी सांगतो आणि ती दोघे ओठ हलवतात. आदल्या रात्रीची हळद मात्र मालिकेत पाहिली तशीच, कपड्यांच्या रंगासकट. वधू-वर मेळावे भरतात ते जातीचे, आणि जातीतही पोटजातीचे. मुलगा नोकरीला किती वर्षे आहे हे विचारले जाते. घरात झाडलोट कोण करणार हे विचारले जात नाही. मातंग, बौद्ध, चर्मकार यांच्यात किती सोयरिकी होतात? मोर्चात खांद्याला खांदा लावणारे कार्यकर्ते घरची पत्रिका छापताना आपापल्या कुंपणात परततात. १९१६ चा निबंध सवर्णांना वाचून दाखवण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्याच्या आरशातून आपण वगळलेले नाही.

कुंपण ओलांडले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ साली आले. नामदेव ढसाळ यांच्याशी त्यांचा विवाह प्रेमाचा होता, सगळी कुंपणे ओलांडणारा होता. त्यानंतरच्या संसाराचे जे चित्र त्या पुस्तकात आहे ते चळवळीतल्या अनेकांना सहन झाले नाही. ते सहन करायला शिकले पाहिजे. जग बदलण्याची भाषा बोलणाऱ्याच्या घरातल्या बाईने प्रश्न विचारला, तर तो चळवळीचाच प्रश्न असतो. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये, २००३ साली, हाच प्रश्न वेगळ्या स्वरात आला आहे. त्यात प्रेम आहे, घरच्यांची नाराजी झुगारून केलेले लग्न आहे, आणि बाई पुढे शिकू लागली, लिहू लागली, सभांना जाऊ लागली की नवऱ्याच्या मनात काय काय होते, तेही आहे. आणि हे सगळे सांगताना त्यांच्या लेखणीला हसू येते. कोकणी बाईचे खट्याळ, स्वतःलाही न सोडणारे हसू. आम्हाला विनोद येत नाही, आम्ही फक्त आक्रोश करतो, असे म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक पुन्हा वाचावे. लग्नाची खरी ‘दुसरी गोष्ट’ तेथे आहे.

दूरचित्रवाणीने आमच्याकडे अजिबात पाहिले नाही असे नाही. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ पासून बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका झाली आणि ती लोकांनी पाहिली. २०२० साली सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ आली. ती मात्र त्याच वर्षाअखेर बंद झाली. इतिहासातले थोर पुरुष म्हणून आम्ही पडद्यावर चालतो. हार घातलेल्या तसबिरीतून आम्ही कोणाच्या घरात शिरत नाही, म्हणून आमची भीती वाटत नाही. पण बाबासाहेबांची तसबीर ज्या घराच्या भिंतीवर आहे त्या घरातली मुलगी, तिचे प्रेम, तिची थट्टा, तिच्या बापाचा घोळ, तिच्या आत्याचे टोमणे हे हलक्याफुलक्या मालिकेचे घर म्हणून अजून उघडलेले नाही.

ते कोणी दुसऱ्याने उघडावे, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्या तरुण लेखकांनी कविता लिहिली, आत्मकथन लिहिले, कथा लिहिली. आता त्यांनी विनोदी प्रेमकथाही हाती घ्यावी, आणि ती हमी गृहीत न धरता लिहावी. एक मातंग मुलगा आणि एक बौद्ध मुलगी लग्न ठरवतात, दोन्ही घरे पुरोगामी, दोन्ही घरांत जयंतीची वर्गणी जाते, आणि तरीही दोन्ही घरांत रात्रभर झोप लागत नाही. यात विनोद नाही काय? भरपूर आहे. तो बोचेल, आपल्यालाच बोचेल. पण त्यात खोटे काही नसेल. आणि त्या गोष्टीच्या शेवटी लग्न लागायचे असेल तर लागू द्यावे. फक्त अक्षता पडण्याआधी वधूने दीडशे वर्षांपूर्वीचा तो प्रश्न मोठ्याने विचारावा, आणि वराने उत्तर देईपर्यंत मांडवातल्या सगळ्यांनी थांबावे.